घोडदळाच्या पोशाखातील अलंकार : ‘पूना हॉर्स’च्या संदर्भात एक चिकित्सा

वसाहतकालीन घोडदळाच्या अधिकाऱ्यांचा फेटा, कमरबंद, खांद्यावरील साखळ्या आणि छातीवरून आडवा जाणारा पट्टा यांचे वर्णन पलटणींच्या इतिहासांत बहुधा ‘शान’ या एकाच शब्दाने केले जाते. प्रस्तुत टिपणात ही दृष्टी अपुरी का आहे, याचा विचार केला आहे.

या वस्तू मुळात उपयोगाच्या होत्या. खांद्यावरील साखळी तलवारीचा वार अडविण्यासाठी आणि पट्ट्याची पेटी काडतुसांसाठी असे. उपयोग संपला, रूप उरले. लोखंडाची जागा चांदीने व जरीने घेतली. म्हणजे अलंकार हा युद्धतंत्राचा अवशेष आहे.

दुसरा मुद्दा खर्चाचा. १८१७ च्या पुणे तहातून ‘पूना हॉर्स’चा उगम झाला. शिवकाळापासून स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार व सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, हा भेद रायगडच्या परिसरात नव्याने सांगावयास नको. इंग्रजांनी हीच शिलेदारी उचलली व ती पहिल्या महायुद्धापर्यंत चालविली. परिणामी घोडा व पोशाख यांचा भार सवाराच्या वेतनावर पडे. रंग व नक्षी मात्र इंग्रज कमांडंट ठरवी.

तिसरा मुद्दा अधिकाराचा. समारंभात इंग्रज अधिकारीही फेटा व कुर्ता परिधान करीत. तथापि तसाच पोशाख केलेला वयोवृद्ध रिसालदार नवख्या इंग्रज अधिकाऱ्याच्याही हाताखाली असे. वेशातील साम्य हे सत्तेतील साम्य नव्हते. उलट त्या साम्याने विषमता झाकली जाई.

१८५७ मध्ये इराणातील खुशाबच्या लढाईत मिळालेला, फार्सी लेख असलेला चांदीचा पंजा या पलटणीच्या निशाणावर विराजमान झाला. मोहरमचे पंजे पाहिलेल्या वाचकास त्याचा मूळ धार्मिक अर्थ सहज उमगेल. पलटणीच्या लेखी मात्र ते विजयचिन्ह ठरले. एकाची श्रद्धा दुसऱ्याचे भूषण झाली.

सारांश, अशा वस्तूंचा अभ्यास करताना केवळ कारागिरीचे कौतुक पुरेसे नाही. ती कोणी ल्याली, कोणी ठरविली आणि तिचे मोल कोणी चुकविले, हे तीन प्रश्न विचारले तरच सवाराला इतिहासात त्याचे स्थान मिळेल.