उंदरांच्या गाठी आणि आकड्यांची साक्ष

सप्टेंबर २०१२ मध्ये फ्रान्समधील काँ विद्यापीठाचे प्रा. सेरालिनी व त्यांचे सहकारी यांनी 'फूड अँड केमिकल टॉक्सिकॉलॉजी' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. तणनाशकाला दाद न देणारा 'एनके ६०३' हा जनुकीय बदल केलेला मका आणि राऊंडअप हे तणनाशक यांमुळे उंदरांना मोठाल्या गाठी होतात व ते लवकर मरतात, असा त्याचा निष्कर्ष होता. सोबतची छायाचित्रे जगभर गाजली.

प्रश्न रास्त होता, हे आधी मान्य केले पाहिजे. अशा पिकांची प्राण्यांवरील चाचणी सहसा ९० दिवसांची असते. उंदीर मात्र दोनेक वर्षे जगतो. शिवाय रसायनाची चाचणी घेताना शंभरपट मात्रा देता येते, तसे मक्याचे करता येत नाही. नुसता मकाच खाऊ घातला तर आहारच असमतोल होतो. म्हणून बारीक फरक पकडायचा, तर काळही जास्त हवा आणि प्राणीही.

आमचा आक्षेप इथेच आहे. काळ वाढवला, प्राणी वाढवले नाहीत. उंदीर २०० होते खरे, पण ते २० गटांत वाटलेले. तुलनेसाठी अवघे १० नर आणि १० माद्या! कर्करोगाच्या चाचणीत दर गटात ५० नर व ५० माद्या असाव्यात, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. त्यातच, निवडलेल्या स्प्रेग-डॉली जातीच्या उंदरांना उतारवयात आपोआपच गाठी होतात. मात्रा वाढली तसा परिणाम वाढत गेला, असेही दिसले नाही. गाजलेल्या छायाचित्रांत तुलनेच्या गटातला उंदीर नव्हताच.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. वीस मुलांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवावे. कोणाला तीनदा छापा पडेल, कोणाला आठदा. मग आठवाल्याचे नाणे खोटे म्हणायचे काय?

नोव्हेंबर २०१३ मध्ये नियतकालिकाने निबंध मागे घेतला. लबाडी आढळली म्हणून नव्हे, तर पुराव्यातून ठाम निष्कर्ष निघत नाही म्हणून. २०१४ मध्ये तो दुसरीकडे पुन्हा छापला गेला. पुढे युरोपीय संघाच्या खर्चाने, पुरेसे उंदीर घेऊन, याच मक्याची दोन वर्षांची चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात अपाय आढळला नाही.

यावरून जनुकीय बदल केलेले प्रत्येक पीक निर्धोक ठरत नाही. प्रत्येकाची तपासणी स्वतंत्रपणेच व्हायला हवी. पण कच्च्या प्रयोगाने लोक विनाकारण घाबरतात, आणि पुढे खरी शंका कोणी काढली तरी तिच्याकडे दुर्लक्ष होते. म्हणून असे छायाचित्र वर्गात आले, की आपण आधी विचारावे: तुलनेचा गट कुठे आहे, आणि तो केवढा होता?