पुसलेले आणि परत मिळालेले

शंभराची नोट उजेडासमोर धरली की तिच्या कोऱ्या भागात गांधीजींचे चित्र दिसते. ते शाईने छापलेले नसते. कागद तयार होत असतानाच त्याची जाडी जागोजागी कमीजास्त केलेली असते आणि प्रकाश त्या प्रमाणात आरपार येतो. हे जलचिन्ह काढायचे तर कागदच खरवडावा लागेल. संगणकावरील छायाचित्रावर मालकाचे जे पुसट नाव किंवा चिन्ह टाकलेले असते त्यालाही आपण जलचिन्ह किंवा वॉटरमार्क म्हणतो. मात्र हे नाव उसने आहे, आणि थोडे फसवेही. तेथे जाडी नाही, कागद नाही. आहेत ते फक्त आकडे, आणि आकड्यांत जे मिळवले ते पुन्हा वजा करता येते.

ही वजाबाकी कोठवर जमते, हा प्रश्न २०१७ साली ताली डेकेल, मायकेल रुबिनस्टाइन, से लिऊ आणि विल्यम फ्रीमन या गूगलमधील संशोधकांनी एका निबंधात तपासला. संगणकीय दृष्टीच्या ‘सीव्हीपीआर’ या परिषदेत तो सादर झाला. आज मोबाइलवर बोट फिरवून छायाचित्रातील अक्षरे पुसता येतात आणि विज्ञान प्रदर्शनाच्या तक्त्यांवर अशी छायाचित्रे सर्रास दिसतात. म्हणून हा निबंध शिक्षकांनी आता वाचण्याजोगा आहे.

मूळ कल्पना साधी आहे. छायाचित्रातील प्रत्येक बिंदूची छटा काळ्यासाठी ० आणि पांढऱ्यासाठी २५५ अशा मापाने लिहितात. एका बिंदूची मूळ छटा १०० आहे आणि त्यावर पांढरे चिन्ह ४० टक्के अपारदर्शकतेने टाकले आहे असे धरू. मग २५५ चे ४० टक्के म्हणजे १०२, आणि १०० चे उरलेले ६० टक्के म्हणजे ६०. दिसणारी छटा १६२ झाली. उलट जायचे तर १६२ मधून १०२ वजा करून ०.६ ने भागावे. १०० परत मिळतात. यात जादू नाही, अंदाजही नाही.

अडचण इतकीच की चिन्हाची छटा आणि त्याची अपारदर्शकता आपल्याला कोणी सांगत नाही. एका छायाचित्रात प्रत्येक बिंदूमागे एक समीकरण आणि तीन अज्ञाते असतात. संशोधकांनी पाहिले ते असे की, छायाचित्रे विकणाऱ्या संस्था हजारो छायाचित्रांवर तेच चिन्ह तसेच उमटवतात. शेजारशेजारच्या बिंदूंच्या छटांतील फरक घेऊन अनेक छायाचित्रांतून त्यांचा मध्यक काढला, तर कोठे डोंगर, कोठे चेहरा, कोठे आकाश असे सगळे विरून जाते आणि चिन्हाच्या कडा तेवढ्या उरतात. प्रयोगशाळेत यादृच्छिक चुका सरासरीत नाहीशा होतात, पण व्हर्नियर कॅलिपरचा शून्य दोष प्रत्येक मापनात तसाच राहतो, हे आपण शिकवतोच. जलचिन्ह हा छायाचित्रसंग्रहातील शून्य दोष आहे. मालकाने संरक्षणासाठी राखलेला सारखेपणाच त्याला उघडा पाडतो. निबंधाचे मोठे यश मला हे निरीक्षण वाटते. पुढचे किचकट गणित त्याच्यामागून येते.

तरीही हिशेब नीट मांडून पाहावा. हजार छायाचित्रे घेतली की एका बिंदूमागे हजार समीकरणे होतात, पण अज्ञाते होतात एक हजार दोन. उरलेली तूट ‘नैसर्गिक छायाचित्रे बहुतांशी सलग असतात’ अशा गृहीतकांनी भरून काढावी लागते. लेखकांनी ही गृहीतके लपवलेली नाहीत. पण निबंधाचे सार तोंडी सांगताना ‘अनेक छायाचित्रे’ आणि ‘अर्धपारदर्शक चिन्ह’ या दोन्ही अटी सहज गळून पडतात, आणि मागे राहते ते ‘वॉटरमार्क काढून मूळ चित्र मिळते’ एवढेच.

दुसरी अट किती महत्त्वाची आहे ते पाहा. तेच पांढरे चिन्ह ९० टक्के अपारदर्शक असेल, तर १०० पासून १०९ पर्यंतच्या दहाही मूळ छटा पूर्णांकात आणल्यावर २४० च होतात. दहा वेगळ्या छटांची एक झाली. आता कोणतेही सूत्र त्या वेगळ्या करणार नाही. अपारदर्शकता १०० टक्के असली, म्हणजे छायाचित्रावर ठोस अक्षरे असली, की खालचे काहीच उरत नाही.

अशा ठोस अक्षरांसाठी वेगळी रीत आहे. बर्टाल्मियो, सापिरो, कासेयेस आणि बायेस्टर यांनी ती २००० साली मांडली आणि तिला चित्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिरांकडचा ‘इनपेंटिंग’ हा शब्द दिला. भोकाच्या कडेला येऊन थांबलेल्या रेषा आत वाढवायच्या आणि छटा तशाच पुढे न्यायच्या, अशी ही पद्धत. मोठ्या जागेतला पोत आपल्याला भरता येत नाही, हे त्यांनी स्वतःच सांगितले होते. ही वजाबाकी नव्हे, शेजार पाहून केलेले रफू आहे.

रफू दिसायला उत्तम असते, पण ते पुरावा नसते. समजा, विद्यार्थ्याने काढलेल्या बगळ्याच्या छायाचित्रात तारखेचे ठोस आकडे नेमके पायाच्या बोटांवर उमटले आहेत. छोट्या बगळ्याचे पाय काळे आणि बोटे पिवळी असतात. मध्यम बगळ्याची बोटेही काळी असतात. आकडे पुसताच संगणक काळा पाय तसाच खाली ओढील. चित्र स्वच्छ दिसेल, पण ओळखीची एक खूण बदललेली असेल, आणि नोंदवहीत पक्षीही.

शिवाय पुसले जाते ते कोणाचे तरी नाव असते. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ साली ६५ ख हे कलम आले. कृतीच्या मालकीविषयीची माहिती जाणूनबुजून, परवानगीवाचून काढणाऱ्यास त्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड सांगितला आहे. वर्गात शिकवण्यासाठी छायाचित्र वापरण्याची मुभा कायदा देतो; त्यावरचे नाव पुसण्याची मुभा हा त्याचा अर्थ नव्हे.

निबंधाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाइतका पटत नाही. चिन्हाची जागा किंवा गडदपणा बदलून फारसे साधत नाही, पण प्रत्येक छायाचित्रात चिन्ह किंचित वेडेवाकडे केले तर वजाबाकीनंतर त्याचे ओरखडे राहतात, असा उपाय लेखक सुचवतात. तो तपासला आहे त्यांच्याच हल्ल्यापुढे. पुढच्या काही वर्षांत उदाहरणांवरून शिकवलेली चेताजाले एकाच छायाचित्रावरून चिन्ह काढू लागली. त्यांना संग्रहाची गरज नाही, म्हणून चिन्हांतील सारखेपणा मोडून त्यांचे फारसे अडत नाही. पण खालचे काही उरले नसेल तेथे त्यांनी भरलेली छटाही बगळ्याच्या बोटांच्याच जातीची.

निबंधातले गणित पदवीच्या पातळीचे आहे. पण सुरुवातीचा भाग आणि चित्रे अकरावीच्या विद्यार्थ्यालाही कळतील, आणि १६२ मधून १०० परत मिळवण्याचे गणित तर आठवीच्या वर्गातही फळ्यावर करता येईल.