कारखान्याची वास्तू आणि सार्वजनिक ग्रंथालय : नाशिकच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

जुन्या औद्योगिक वास्तूचे ग्रंथालयात रूपांतर करावे, हा विचार वास्तुशास्त्र, नगररचना आणि ग्रंथालयशास्त्र या तिन्ही क्षेत्रांत आज प्रतिष्ठा पावला आहे. नेदरलँड्समधील टिलबर्ग शहरातील ‘लोकहाल’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. रेल्वे इंजिनांच्या दुरुस्तीसाठी १९३२ साली उभारलेली ही शेड जानेवारी २०१९ मध्ये सार्वजनिक ग्रंथालय म्हणून खुली झाली. त्याच वर्षी जागतिक वास्तुकला महोत्सवात तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट वास्तूचा सन्मान मिळाला. अशी उदाहरणे पाहून आपल्याकडेही तसेच व्हावे, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. तथापि ज्या आर्थिक व सामाजिक पायावर ही उदाहरणे उभी आहेत, त्याचा विचार सहसा होत नाही. प्रस्तुत लेखात ही कल्पना महाराष्ट्राच्या, विशेषतः नाशिकच्या परिस्थितीवर तपासून पाहिली आहे.

वास्तूची अनुकूलता व मर्यादा

कारखाना आणि ग्रंथालय यांच्या गरजांत काही बाबतींत आश्चर्यकारक साम्य आढळते. कापड गिरण्यांचे करवतीच्या दात्यांसारखे छप्पर उत्तरेकडील काचांतून सौम्य व एकसारखा प्रकाश आत घेते. विणकराला धाग्यातील दोष दिसावा म्हणून केलेली ही योजना वाचकाच्या डोळ्यांना आणि कागदालाही मानवणारी आहे. भाराच्या बाबतीतही तसेच. भारतीय मानक ८७५ च्या दुसऱ्या भागानुसार ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी दर चौरस मीटरला किमान ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६०० किलो भार गृहीत धरावा लागतो. राहत्या घराच्या खोल्यांसाठी हे मान २ किलोन्यूटन आहे. त्यामुळे राहता वाडा ग्रंथसाठ्यासाठी बहुधा दुबळा ठरतो, तर अवजड यंत्रांसाठी बांधलेली जमीन तो भार पेलण्याची शक्यता अधिक असते.

मर्यादाही तितक्याच ठोस आहेत. टिलबर्ग येथे सुमारे १५ मीटर उंचीची संपूर्ण शेड गरम न करता माणसे बसतात तेवढ्याच जागा उबदार ठेवण्याची युक्ती योजली आहे. नाशिकला प्रश्न उलट आहे. पत्र्याखालचा एप्रिल-मे महिना आणि त्यापाठोपाठ येणारा पावसाळी दमटपणा या दोहोंपासून वाचकाला व पुस्तकाला सांभाळावे लागते. सूतगिरणीला हवेतील ओलावा हवा असे. ग्रंथाला तोच ओलावा बुरशी लावतो. हा फरक छताच्या दुरुस्तीत आणि दरमहाच्या वीजबिलात उतरतो. रूपांतराचा खर्च एकदा होतो, निगेचा खर्च मात्र कायमचा असतो.

गिरणगावाचा धडा

औद्योगिक वास्तूंच्या पुनर्वापराचा महाराष्ट्रातील सर्वांत मोठा अनुभव मुंबईच्या गिरणगावाचा आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांची घसरण वेगाने झाली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील ५८ व्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक वाटा सार्वजनिक मोकळ्या जागांना आणि एक वाटा सार्वजनिक गृहनिर्माणाला मिळेल, अशी तरतूद केली होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी प्रामुख्याने मोकळ्या जमिनीपुरती उरली आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. गिरण्यांच्या आवारांत त्यानंतर जे प्रामुख्याने उभे राहिले ते मॉल, कार्यालये आणि मनोरे. २९ डिसेंबर २०१७ रोजी कमला मिलच्या आवारातील उपाहारगृहांना लागलेल्या आगीत १४ जणांचा मृत्यू झाला. जुन्या आवारात नवा वापर घुसवताना सुरक्षिततेचा विचार किती मूलभूत असतो, हे त्या घटनेने दाखवून दिले.

याउलट इंदू मिलच्या जागेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या स्मारकाचे भूमिपूजन ऑक्टोबर २०१५ मध्ये झाले. तेथे गिरणीची वास्तू राखलेली नाही, परंतु जागा सार्वजनिक झाली. वास्तू वाचली म्हणजे लोकांचा हक्क वाचला, आणि वास्तू गेली म्हणजे तो गेला, अशी दोन्ही समीकरणे अपुरी आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

ग्रंथालय : वास्तू की संस्था?

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ नुसार राज्यातील सार्वजनिक ग्रंथालये बहुतांशी नोंदणीकृत संस्थांकडून चालवली जातात आणि अ, ब, क, ड या वर्गांनुसार त्यांना शासकीय अनुदान मिळते. तामिळनाडू व कर्नाटक यांच्या कायद्यांप्रमाणे ग्रंथालय उपकराची तरतूद या अधिनियमात नाही. म्हणजेच ग्रंथालयाला स्वतःचे हक्काचे व वाढते उत्पन्न नाही. सेवकांचे वेतन, ग्रंथखरेदी आणि वीज या साऱ्यांचा भार प्रामुख्याने अनुदानावर व वर्गणीवर असतो. अशा संस्थेच्या गळ्यात हजारो चौरस मीटरची शेड बांधली, तर ती वास्तूची राखणदार बनेल आणि ग्रंथखरेदी मागे पडेल. रूपांतराच्या प्रशंसेत नेमका हाच मुद्दा वगळला जातो.

नाशिकची परिस्थिती

नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० साली स्थापन झाले; नगरपालिका त्यानंतर २४ वर्षांनी, १८६४ मध्ये आली. पेशवेकालीन सरकारवाड्यातही हे वाचनालय दीर्घ काळ नांदले. जुन्या वास्तूत ग्रंथालय ही कल्पना नाशिकला परदेशातून शिकावी लागलेली नाही. त्याचबरोबर कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने २००९ पासून नेमका उलटा मार्ग दाखवला. तेथे वाचकाने भव्य वास्तूकडे यायचे नाही, तर पुस्तकांच्या पेटीनेच वाचकांकडे जायचे. नाशिकमधील कोणत्याही नव्या ग्रंथालय-योजनेला या उपक्रमाच्या तुलनेत आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागेल.

दुसरी बाजूही आहे. नाशिकच्या वारशाची चर्चा घाट, मंदिरे आणि वाडे यांच्यापाशी थांबते. १८८९ मध्ये सुरू झालेली नाशिक-नाशिकरोड ट्राम आज स्मृतीतूनही जवळजवळ पुसली गेली आहे. नाशिकरोडची दोन्ही सरकारी मुद्रणालये १९२० च्या दशकातील असून ती चालू असल्याने त्यांच्या रूपांतराचा प्रश्न उद्भवत नाही. मात्र सातपूर औद्योगिक वसाहतीतील आरंभीच्या शेड साठीकडे झुकल्या आहेत. तेथील भूखंड औद्योगिक विकास महामंडळाच्या भाडेपट्ट्यावर असल्याने वापरबदलाचा निर्णय केवळ मालकाचा नसतो. येथेच सार्वजनिक हस्तक्षेपाला वाव आहे, पण तो पाडकामाची नोटीस निघण्यापूर्वी व्हावा लागेल.

समारोप

वरील विवेचनावरून औद्योगिक वास्तूचे ग्रंथालयात रूपांतर स्वीकारण्यापूर्वी चार कसोट्या लावाव्यात, असे म्हणता येईल. निगेच्या खर्चाची कायम तरतूद आहे काय? जागेची मालकी किंवा दीर्घ भाडेपट्टा सार्वजनिक संस्थेकडे आहे काय? कामगार वस्तीतील वाचक तेथे पायी किंवा बसने सहज पोहोचू शकतो काय? आणि ज्यांनी त्या छताखाली आयुष्य घालवले, त्या कामगारांच्या आठवणी व कागदपत्रे तेथील संग्रहाचा भाग होणार आहेत काय? चौथी कसोटी सर्वांत दुर्लक्षित आहे. तिच्याविना राहिलेले लोखंडी खांब व यारी केवळ सजावट ठरतात.

या कसोट्यांना उतरणारी वास्तू नाशिकमध्ये आज सापडेलच असे नाही. परंतु जुन्या शेडची मोजमापे, आराखडे आणि निवृत्त कामगारांची मौखिक निवेदने गोळा करण्याचे काम इतिहास, भूगोल, समाजशास्त्र आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांना एकत्रितपणे हाती घेता येण्यासारखे आहे. वास्तू टिकली नाही तरी तिची नोंद शहराच्या ग्रंथालयात राहील, आणि टिकली तर निर्णय घेणाऱ्यांपुढे किमान आधारसामग्री असेल.