'द क्वीन'मधला चुकलेला नेम

'द क्वीन' हा २००६चा चित्रपट तुम्ही पाहिला असेल, तर त्यातलं हरीण विसरला नसाल. डायानाच्या मृत्यूनंतरचा तो आठवडा, बालमोरलच्या ओढ्यात बंद पडलेली लँड रोव्हर, आणि एकट्या राणीसमोर येऊन उभा राहिलेला, १४ टोकांच्या शिंगांचा नर. रेड डिअर, म्हणजे आपल्या सांबराचा नातलग. हे हरीण म्हणजे डायाना की खुद्द राजेशाही, यावर पुष्कळ लिहून झालंय. ते बाजूला ठेवा आणि ते मरतं कसं, एवढंच पाहा.

राणी त्याला हाकलून वाचवते, पण ते शेजारच्या इस्टेटीवर मारलं जातं. ती बघायला जाते. मुंडकं वेगळं, धड टांगलेलं. तिची नजर जखमेवर जाते. मग कळतं, की पैसे भरून आलेल्या लंडनच्या एका बँकरचा नेम चुकला, आणि जखमी जनावराचा मैलोन् मैल माग काढून त्याला संपवावं लागलं. निघताना ती पाहुण्याला अभिनंदन कळवायला सांगते. हेलन मिरेन ते वाक्य इतक्या सभ्यपणे म्हणते, की त्यातला राग दुसऱ्यांदा पाहताना कळतो.

राग मारण्याचा नाही, वाईट मारण्याचा आहे. आपल्याला हा फरक पटकन उमगत नाही. भारतात १९७२च्या कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हाच. स्कॉटलंडमध्ये लांडगे केव्हाच संपले, त्यामुळे हरणांची संख्या माणसालाच आवरावी लागते. तिथे प्रश्न 'मारावं का' यापेक्षा 'कसं' हा असतो. गोळी छातीत, हृदय-फुफ्फुसांत बसली तर जनावर लवकर मरतं. तीच वीतभर मागे पोटात गेली, तर ते तासन् तास तडफडतं.

म्हणून तिथली जबाबदारी स्वतःची मर्यादा ओळखण्यापासून सुरू होते. ब्रिटनमधल्या डिअर स्टॉकिंग सर्टिफिकेटच्या पहिल्या चाचणीतच हा विचार दिसतो: आडवं पडून १०० मीटर, बसून किंवा गुडघ्यावर ७०, उभ्यानं फक्त ४०. आधार कमी झाला, की अंतरही कमी. प्रत्यक्ष डोंगरावर वारा असतो, चढून लागलेली धाप असते, उतरता उजेड असतो. जनावर कड्याच्या माथ्यावर, मागे मोकळं आभाळ असेल तर बार काढायचाच नाही, कारण चुकलेली गोळी कुठे जाईल ते सांगता येत नाही.

इथेच स्टीफन फ्रिअर्सच्या या सुंदर चित्रपटाशी माझं भांडण आहे. दोष शहरी, नवश्रीमंत बँकरवर टाकून तो मोकळा होतो. जणू चांगला नेम राजघराण्यात रक्तातूनच येतो! पण त्याच चित्रपटात फिलिप नातवांना घेऊन याच नराच्या मागावर निघतो. शिंगांचा मोह दोन्हीकडे सारखाच. शिवाय असा पाहुणा डोंगरावर सहसा एकटा नसतो. इस्टेटीचा स्टॉकर बरोबर असतो. कोणतं जनावर मारायचं ते तो ठरवतो, पुष्कळदा रायफलही शेवटच्या क्षणापर्यंत त्याच्याच खांद्यावर असते. 'आज नको' म्हणण्याची संधी दोघांना होती. एकाचा लोभ आणि दुसऱ्याचा पाहुणचार मिळून ते जनावर तडफडलं. या दुसऱ्याबद्दल पटकथा गप्प आहे.

गोळीला घराणं कळत नाही. तिला कळतो तो सराव, आधार आणि अंतर. इथे ऑफिसच्या सहलीत स्कॉटलंडची अशी एखादी 'शिकार' तुमच्याही वाट्याला येऊ शकते. त्याआधी हा प्रसंग पुन्हा पाहा, आणि त्यात नसलेल्या माणसाची कल्पना करा: जो 'हे मला जमणार नाही' म्हणतो, रायफल परत देतो आणि रिकाम्या हातानं डोंगर उतरतो. त्या दिवसाचा खरा शिकारी तोच.