हरलेला हेला आणि ताठ शेवंड

लहानपणी दिवाळीत हेल्यांच्या टकरी पाहिल्या. जनावरे झुंजवणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे आणि ते योग्यच. पण एक दृश्य विसरत नाही. हरलेला हेला पाठ फिरवून पळाला, की गर्दी दुभंगून त्याला वाट देई.

जॉर्डन पीटरसन यांचे 'ट्वेल्व्ह रूल्स फॉर लाइफ' (२०१८) वाचताना तो हेला आठवला. पहिल्याच प्रकरणात शेवंड भेटतो. जिंकलेल्या शेवंडात सेरोटोनिनची सरशी, म्हणून तो ताठ, हरलेला आक्रसलेला. त्यावरून वाचकाला उपदेश : खांदे मागे घ्या, ताठ उभे राहा.

हे अगदी निराधार नाही. १९९७ मध्ये ह्यूबर, क्रॅव्हिट्झ आणि सहकाऱ्यांनी दबलेल्या कवचधारी प्राण्यांना सेरोटोनिन टोचले, तेव्हा माघार घेणारे पुन्हा भिडू लागले. परंतु आदल्याच वर्षी 'सायन्स'मध्ये ये, फ्रिक आणि एडवर्ड्स यांनी क्रेफिश या गोड्या पाण्यातल्या प्राण्यावरचे काम छापले होते. शेपटी झटकून पळ काढवणाऱ्या चेतापेशीचा प्रतिसाद सेरोटोनिनने वरचढ प्राण्यात वाढला, दबलेल्यात घटला. रसायन एकच, परिणाम उलट! दोन दबलेले एकत्र ठेवल्यावर त्यांतला एक वरचढ झाला, तशी त्याची पेशीही वरचढासारखी वागू लागली. आधी सोबत बदलली, मग पेशी. उपदेश मात्र सगळा भार हरलेल्याच्याच खांद्यांवर टाकतो.

उंदरांवरचे काम हेच सुचवते. बर्टन, नेस्लर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या प्रयोगात उंदराला दहा दिवस रोज काही मिनिटे दांडग्या उंदराचा मार खावा लागे. उरलेला दिवस भोकाच्या पडद्याआड, त्याच्याच वासात. पुढे तो इतर उंदरांना टाळू लागला. पण मेंदूच्या एका भागातून बीडीएनएफ हे प्रथिन आधीच काढले, तर हे टाळणे बरेच कमी झाले. हे प्रथिन शिकण्याच्या कामी येते. म्हणजे टाळणे ही निव्वळ उणीव नव्हे. मेंदूने घेतलेला तो धडा आहे. आणि तो घेताना पिंजऱ्याचे दार बंद होते.

उंदरावरून माणसाचे निदान करू नये, हे मान्य. तरी कापसाचा भाव पडून खचलेल्या शेतकऱ्याला 'ताठ उभा राहा' असे सांगण्यापूर्वी, त्याची वाट कोणी अडवली आहे, हे आपण पाहायला हवे. हेल्याला निदान वाट तरी मिळत होती.