विशेष सहकार्य

कार्यक्रमपत्रिका टाकून न देण्याची मला सवय आहे. दोन वर्षांपूर्वी रायपूरच्या एका सभागृहात पाहिलेल्या नृत्यनाट्याची पत्रिका परवा कपाटात सापडली. दिग्दर्शन, नृत्यरचना, संगीत, प्रकाश, वेशभूषा, रंगभूषा, अगदी ध्वनिव्यवस्था, प्रत्येकापुढे नाव आहे. सगळ्यांत खाली बारीक टायपात एक ओळ : ‘विशेष सहकार्य – पंथी पथक, बीरगाव’. पथकात पंधरा जण होते. नाव एकाचेही नाही.

त्या प्रयोगाचे परीक्षण मी लिहिले होते. त्यात पथकाच्या वाट्याला एक वाक्य आले. ढोलकीच्या तालावर नाचणाऱ्या पंथी नर्तकांमुळे प्रयोगाला रंगत आली, अशा अर्थाचे. लोणच्याने जेवणाला रंगत यावी तसे. वाक्य लिहिताना मला त्यात काही खटकले नव्हते, आणि हे नर्तक माझ्याच गावचे होते.

बीरगाव म्हणजे रायपूरच्या उत्तरेला, उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींच्या कुशीतले गाव. (उरला हे नाव मराठी कानाला पहिल्यांदा गमतीचे वाटते, माझ्या वडिलांना नागपूरहून इथे नोकरीला आल्यावर बरेच दिवस वाटत असे.) आता त्याची स्वतःची महानगरपालिका आहे, पण दिवस अजून कारखान्यांच्या भोंग्यावरच चालतो. स्पंज आयर्नच्या भट्ट्यांवर तीन पाळ्यांत राबणारी माणसे इथे राहतात. त्यांतल्या सतनामी वस्त्यांमध्ये 18 डिसेंबरला, गुरू घासीदासांच्या जयंतीला, जैतखांबावर पांढरा झेंडा चढतो आणि त्याच्याभोवती पंथी सुरू होते. घासीदासांचा जन्म 1756चा, गिरौदपुरीचा. जातीच्या उतरंडीत तळाशी ढकललेल्या माणसांना त्यांनी सतनामाचा, म्हणजे सत्य हेच ईश्वर असल्याचा, पंथ दिला. पंथी हे त्या पंथाचे नृत्य. पांढरे धोतर, पायांत घुंगरू, गळ्यात कंठी. एकजण ओळ उचलतो, बाकीचे ती झेलतात. सुरुवात संथ असते. मग लय चढत जाते, कमरेतून वाकणे-उसळणे वाढते, माणसांवर माणसे चढून मनोरे होतात, आणि लय शिगेला पोचली की नृत्य एकदम थांबते. उतरत जाणे पंथीत नाही.

सभागृहातल्या प्रयोगाची गडबड इथेच झाली होती, आणि परीक्षक म्हणून ती मला दिसायला हवी होती. जैतखांबाभोवतीच्या नाचाला दर्शनी बाजू नसते. नाचणाऱ्याचे तोंड खांबाकडे असते आणि बघणारे चहूबाजूंनी उभे असतात. रंगमंचावर त्या वर्तुळाचे अर्धवर्तुळ झाले होते. सगळ्यांनी प्रेक्षकांकडे बघायचे ठरले होते, त्यामुळे एकमेकांकडे बघून लय उचलण्याची सोय गेली. वर, पुढचा प्रवेश लागायचा म्हणून नाच तिसऱ्या चढावरच दिवे मालवून तोडला. ख्याल ऐन द्रुतात शिरताना तानपुरा काढून घेतला तर आपण आरडाओरडा करू. इथे आपण टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

आता थोडे मागे जातो, कारण पंथी रंगमंचावर पाहुणी म्हणून आली त्याचा सर्वांत मोठा दाखला याच प्रदेशातला आहे. हबीब तनवीर रायपूरचेच, जन्म 1923चा. 1958 साली ‘मिट्टी की गाडी’साठी त्यांनी छत्तीसगढच्या नाचातले सहा कलावंत दिल्लीला नेले, पुढच्या वर्षी मोनिका मिश्रा यांच्यासह नया थिएटर काढले. (इथला ‘नाचा’ म्हणजे केवळ नृत्य नव्हे, रात्रभर चालणारे, सोंग-गाणी-विनोदाचे ते लोकनाट्य. त्याला गम्मतही म्हणतात, आणि हा शब्द नागपूरकर भोसल्यांच्या अमलात इकडे आला असे मानणारे पुष्कळ आहेत.) सुरुवातीची काही वर्षे या कलावंतांचे काही जमेना. पुढे तनवीरांनीच याची कबुली दिली : आपण त्यांना त्यांची नसलेली बोली बोलायला लावत होतो आणि रंगमंचावर कुठे उभे राहायचे याच्या खुणा आखून देत होतो. जे रात्रभर चहूबाजूंच्या प्रेक्षकांत खेळत आले, त्यांना आखलेल्या रेघेवरून चालवायचे! 1970 नंतर त्यांनी दोन्ही सोडले. भाषा छत्तीसगढी झाली, हालचाल कलावंतांची झाली. यजमानाने घरातले सामान हलवले, तेव्हा कुठे पाहुणे मोकळे बसले.

‘चरणदास चोर’ त्यानंतरचे, 1975चे. मूळ लोककथा राजस्थानची, विजयदान देथा यांनी सांगितलेली. एक चोर गुरूपुढे थट्टेत चार शपथा घेतो : सोन्याच्या ताटात जेवणार नाही, हत्तीवर बसून मिरवणार नाही, राणीशी लग्न करणार नाही, राज्य मिळाले तरी घेणार नाही. चोरापुढे असले प्रसंग कधी यायचे! गुरू वर पाचवी शपथ घालतो, खोटे बोलायचे नाही. मग एकेक प्रसंग खरोखर येतो, आणि शपथ न मोडल्यापायी चोर मारला जातो. या गोष्टीचा पहिला, घाईने बांधलेला छोटा खेळ भिलाईच्या उघड्या मैदानात सतनामी समुदायापुढे झाला होता. तिथल्या पंथीने तनवीरांना नाटकाची किल्ली दिली असे मला वाटते. गोष्ट नुसती वाचा : ती चतुर, विनोदी, शेवटी थोडी चटका लावणारी आहे. तिच्याभोवती सतनामाची गाणी आणि पंथी फिरू लागली की खोटे न बोलण्याची शपथ ही विनोदातली कोटी राहत नाही. सत्यालाच देव मानणाऱ्यांचा एक आख्खा समाज त्या चोराच्या पाठीशी उभा राहतो. मागे पानांची एक फांदी आणि मध्ये बुटका चौथरा एवढ्या नेपथ्यावर हे नाटक 1982मध्ये एडिंबरोला गेले आणि तिथे फ्रिंज फर्स्ट पुरस्कार घेऊन आले. चरणदासाच्या भूमिकेत गोविंदराम निर्मलकर, राणी फिदाबाई मरकाम. पंथीचे नायक देवदास बंजारे.

बंजारे यांचे नाव महाराष्ट्रात फारसे कोणी घेत नाही. छत्तीसगढमध्ये पंथी म्हटले की ते पहिले येते. 2005 साली अपघातात ते गेले, आता त्यांच्या नावाने राज्य पुरस्कारही देते. त्यांचे पथक त्यांचे स्वतःचे होते. म्हणजे नया थिएटरमध्ये ते एका अर्थाने पाहुणे कलाकार होते. पण नाटकाला त्यांनी काय दिले हे विचारले, तर बहुतेक समीक्षा ‘ऊर्जा’, ‘लोकतत्त्व’, ‘रंग’ या शब्दांवर थांबते. नाटकाचा अर्थ तनवीरांचा, ऊर्जा पंथीची, अशी वाटणी. मला ती मान्य नाही. ‘घाशीराम कोतवाल’बद्दल लिहिताना आपण कृष्णदेव मुळगुंद आणि भास्कर चंदावरकर यांना अर्थाचे वाटेकरी मानतो, माणसांची भिंत ही नुसती रंगत होती असे कोणी लिहीत नाही. मग इथेच का?

याचे एक उत्तर मला रायगढमध्ये सापडते. रायगढचे राजे चक्रधर सिंह (1905–1947) यांनी आपल्या दरबारात कथकचे घराणे उभे केले ते पाहुण्यांच्या जोरावर. लखनौहून अच्छन महाराज, शंभू महाराज, लच्छू महाराज आले, जयपूरकडचे जयलाल महाराज आले. लच्छू महाराज मराठी वाचकाला रोहिणी भाटे यांचे गुरू म्हणून ठाऊक असतात. या पाहुण्यांनी स्थानिक मुले घडवली, त्यांतले कार्तिकराम हे गम्मतच्या वातावरणातून आलेले. रायगढ घराण्याचा कोणताही इतिहास उघडा, आरंभी या पाहुण्यांची नावे मानाने येतात, आणि यायलाच हवीत. गम्मतमधून आलेल्या पोराने त्या कथकात काय नेले, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. त्याच्या अंगात आधीच काही नाच होता, पाय कोरे नव्हते! बाहेरून, वरून आलेला पाहुणा गुरू ठरतो. वस्तीतून आलेला पाहुणा सहकार्य ठरतो. दोघेही दुसऱ्याच्या रंगमंचावर आपली विद्या घेऊन आलेले असतात.

उलट बाजूही सांगायला हवी. दाऊ रामचंद्र देशमुख यांनी (आडनावाने फसू नका, दाऊ अस्सल छत्तीसगढी) 1971 साली बघेरा गावात ‘चंदैनी गोंदा’ उभे केले ते गावोगावचे गायक, वादक, नाचे जमवूनच. खुमानलाल साव यांचे संगीत, लक्ष्मण मस्तुरिया यांची गीते. तिथे पाहुणा आणि यजमान हा भेदच पुसट होता. आपल्याकडे भूषण कोरगावकर आणि सावित्री मेधातुल यांनी ‘संगीत बारी’च्या प्रयोगात लावणी कलावतींना रंगमंचाचा मध्य दिला आणि स्वतः निवेदकाच्या जागी बसले, शकुंतलाबाई नगरकर यांची अदा बघायला आलेला प्रेक्षक शकुंतलाबाईंचेच नाव घेत बाहेर पडतो. म्हणजे जमते. पण नाव छापणे एवढ्याने भागते असे समजणेही भाबडेपणाचे होईल. 2009 साली तनवीर गेले आणि दोनेक महिन्यांतच ‘चरणदास चोर’च्या पुस्तकावर छत्तीसगढ सरकारने बंदी आणली, सतनामी समाजातून त्यातल्या उल्लेखांवर आक्षेप आला म्हणून. बंदीला माझा विरोध आहे. तरी तिचा धक्का मला तेव्हा जितका बसला तितका आज बसत नाही. ज्यांचे सत्य उसने घेऊन नाटक जगभर फिरले, त्यांना ते कसे दिसते हे चौतीस वर्षांत आम्ही समीक्षकांनी कितीदा विचारले होते?

म्हणून गेल्या डिसेंबरात मी पत्रिका खिशात घालून वस्तीत गेलो. जयंतीची तालीम चालू होती. पथकाचा मुख्य गायक कारखान्यातून परस्पर आला होता, कानांच्या पाळ्यांवर काळी धूळ तशीच. बाकीचे पाळीप्रमाणे येत होते, त्यामुळे वर्तुळ कधी नऊ जणांचे, कधी तेरांचे. वादक दुसऱ्या गावचा, दोन गाड्या बदलून आलेला. जयंतीच्या आठवड्यात वादक मिळणे हे लगीनसराईत भटजी मिळण्याइतके अवघड. पथकालाही पाहुणा लागतो, हे मला त्या दिवशी कळले. त्याला मात्र ते ‘पहुना’ म्हणत होते, आणि पहिला चहा त्याला देत होते.

मी म्हटले, भैया, मी पुन्हा लिहितो आहे, या वेळी पंधराही नावे छापायची आहेत. गायकाने पत्रिका हातात घेऊन वाचली, सावकाश घडी घातली आणि परत दिली. नको म्हणाला. त्या प्रयोगाच्या दिवशी तिघांनी आजारपण सांगून पाळी चुकवली होती, दोघांनी बदली माणूस दिला होता. ठेकेदाराच्या हाती छापील यादी कशाला द्यायची? मानधन किती मिळाले होते, हे मी विचारले. जाण्यायेण्याचे भाडे आणि जेवण, आणि एक शाल, ती गायकाला. एका रात्रीची मजुरी ज्याची त्याने सोसली होती. मी जी नावांची लढाई लढायला निघालो होतो, तिच्या आधीची एक लढाई इथे होती आणि तिचा मला पत्ता नव्हता.

नावे या लेखात नाहीत ती त्यामुळे.

निघताना वादकाने हाक मारली. त्याने माझे जुने परीक्षण कोणाकडून तरी वाचून घेतले होते. रंगत वगैरे शब्दांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती. त्याने गळ्यातले वाद्य पुढे केले, मातीच्या खोडावर चामडे ताणलेले, आणि त्यावर थाप मारून विचारले, ही ढोलकी आहे का?

दुरुस्ती करतो. तो मांदर होता.