टेबले हलवणारे

नवा प्रशिक्षक आला, की आम्हां आष्टीकर कारकुनांना बँकेत नवा शाखाधिकारी आल्यासारखे वाटते. टेबले हलतात, चेक वटायला वेळ तेवढाच! प्रो कबड्डीतल्या पुणेरी पलटणचे मात्र निराळे झाले. २०२२ साली बी. सी. रमेश आले. त्यांनी चढाईची भिस्त एकाच बड्या नावावर न ठेवता अस्लम इनामदार, मोहित गोयत, पंकज मोहिते या तरुणांत वाटली. एक खाते बुडाले तरी बँक तरते, हा हिशेब! त्या वर्षी अंतिम सामना जयपूरने ३३-२९ असा नेला. वाटणी मात्र मोडली नाही. १ मार्च २०२४ला हरियाणाला २८-२५ हरवून चषक आणला. हरल्यावरही टेबले जागच्या जागी ठेवायला, राव, छाती लागते.